भीड त्याची, भोग तिचे

मैत्रिणींनो,

आपल्या वाचनकट्ट्यावर महिन्यातून एकदा पंधरा-वीस जणी जमतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. रिसोड-मालेगावकडून अर्ध्या तिकिटात येणाऱ्या आशाताई असतात, मानोऱ्याहून गाडी बदलून येणाऱ्या अंगणवाडी सेविका असतात, वाशीम शहरातल्या दोन-तीन शिक्षिका असतात. एरवी आपण मराठीच वाचतो. या वेळी, सोयाबीनची पेरणी आटोपल्यावरच्या बैठकीत, मी एक रशियन गोष्ट सांगायला घेतली. ‘ताई, रशियाचं काय करायचं आपल्याले?’ असे एकीने विचारलेच. मीही मनातून साशंक होते. पण त्या दुपारी जी चर्चा झाली तिने माझा पिच्छा सोडलेला नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय तिच्यावरच लिहीत आहे.

गोष्ट होती इव्हान तुर्गेनेव्ह यांची ‘आस्या’. ती १८५८ साली प्रसिद्ध झाली. गोष्ट सांगणारा निवेदक आता उतारवयातला आहे आणि आपल्या पंचविशीतली हकिकत सांगतो आहे. त्याला नाव नाही, फक्त अक्षरे आहेत. खाऊनपिऊन सुखी, शिकलेला, फिरण्याची हौस असलेला तरुण. ऱ्हाईन नदीकाठच्या एका जर्मन गावी त्याला एक रशियन तरुण आणि त्याची सतरा वर्षांची बहीण आस्या भेटतात. ओळख वाढते. आस्या कधी भिंतीवर चढून बसते, कधी घुम्यासारखी गप्प राहते, कधी उगाच हसते. तिचे वागणे त्याला विचित्र वाटते आणि त्याचे मन तिच्यातून निघतही नाही. मग भावाकडून कळते की, ती त्याच्या वडिलांची एका मोलकरणीपासून झालेली मुलगी आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत आईजवळ वाढली, नंतर बापाने वाड्यात आणली. अर्धी इकडची, अर्धी तिकडची. आपल्या जन्माची तिला लाज वाटते आणि लाज वाटते याचीही लाज वाटते.

ही मुलगी निवेदकावर जीव लावते. चिठ्ठी पाठवून भेटायला बोलावते. त्या काळी, तिच्या वयाच्या मुलीने, आपण होऊन! भाऊ आधीच निवेदकाला येऊन सांगतो की, हिचे तुमच्यावर प्रेम आहे, तुमचे काय ते बोला. निवेदक भेटायला जातो. आस्या थरथरत असते. आणि हा गृहस्थ तिलाच बोल लावतो. तुम्ही भावाला का सांगितले, आता सगळे बिघडले, आता आपल्याला दूर व्हावे लागेल, असे. ती रडत निघून जाते. त्या रात्री तिला शोधताना त्याला उमजते की आपलेही तिच्यावर प्रेम आहे. ती घरी सुखरूप आली असे कळते. तेव्हा तरी त्याने दारावर थाप मारावी! पण नाही. आता उशीर झाला, उद्या बोलू, म्हणून तो आनंदात घरी जाऊन झोपतो. सकाळी बहीण-भाऊ गाव सोडून गेलेले असतात. मागे चिठ्ठी असते. एका शब्दाने ती थांबली असती, एवढाच तिचा आशय. तो शोधत लंडनपर्यंत जातो, पण ती पुन्हा भेटत नाही. पुढे तो स्वतःची समजूत घालतो की, असल्या मुलीशी संसार काही सुखाचा झाला नसता. तिच्या चिठ्ठ्या आणि एक वाळलेले फूल तेवढे त्याने जपून ठेवले आहे.

गोष्ट संपल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका कॉलेजातल्या मुलीने सुस्कारा टाकला. ‘बिचारा!’ ती म्हणाली. ‘जन्मभर एकटा राहिला.’ तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनाही तसेच वाटत होते. मलाही, खरे सांगायचे तर, विद्यार्थिदशेत ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा तसेच वाटले होते. मी चक्क रडले होते, आणि रडले होते ती त्याच्यासाठी.

तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी विचारले, ‘मंग त्या पोट्टीचं काय झालं?’

मी म्हटले, ‘मावशी, ते गोष्टीत नाही.’

‘काहून नाही?’

‘कारण गोष्ट तो सांगतोय. त्याला माहीत नाही.’

मावशी म्हणाल्या, ‘त्याले फूल जपता आलं, पन पोट्टी कोठी गेली थे पाहता नाही आलं.’

मैत्रिणींनो, मी समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केले, वाङ्मयाचा अभ्यास केला नाही. पण या गोष्टीवर मावशींच्या त्या प्रश्नापेक्षा नेमके असे काही मी आजवर ऐकलेले नाही. आपण वाचक म्हणून नेहमी सांगणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. तो भित्रा असला, पण गोड बोलणारा असला, स्वतःच्या चुकीची कबुली देणारा असला, की आपण त्याच्या डोळ्यांतले पाणी पाहतो. त्याच्या भीतीची किंमत ज्या व्यक्तीने मोजली ती मात्र गोष्टीच्या बाहेर निघून गेलेली असते. तिच्या वाट्याला एक चिठ्ठी. बाकी सारी पाने त्याची.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. जो भिडेत अडकतो त्याच्यावर भीक मागायची पाळी येते, असा तिचा अर्थ. पण बायकांच्या अनुभवाला ही म्हण पुरी पडत नाही. भीड एकाची असते आणि भीक दुसरीच्या पदरात पडते.

या गोष्टीवर त्याच वर्षी रशियात एका वाचकाने लांबलचक लेख लिहिला. निकोलाय चेर्निशेव्हस्की हे त्याचे नाव. वय अवघे २९. ज्या मासिकात ‘आस्या’ छापली गेली त्याच्याच तो संपादकवर्गात होता. भेटीच्या वेळचा रशियन माणूस, अशा अर्थाचे त्याच्या लेखाचे शीर्षक. त्याचे म्हणणे असे की, या नायकाला नुसते नेभळट म्हणून मोकळे होऊ नका. तो तुमच्या-आमच्यातला उत्तमातला उत्तम माणूस आहे. सुशिक्षित, हळव्या मनाचा, उदार विचारांचा. जोवर गोष्ट बोलण्यापुरती असते तोवर तो शूर असतो. एखादी स्त्री समोर येऊन ‘बोल, आता काय करायचे?’ असे विचारते, त्या क्षणी त्याची जीभ टाळ्याला चिकटते. त्या काळच्या रशियन साहित्यातले एकामागून एक नायक त्याने उभे केले आणि दाखवले की, हे सगळे ऐन वेळी असेच मागे सरतात.

असे का होते? चेर्निशेव्हस्कीचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. ज्या समाजात माणसाला सार्वजनिक कामात भाग घेता येत नाही, कुठला निर्णय घेऊन त्याची जबाबदारी पेलावी लागत नाही, तिथे मुलगा वयाने वाढतो, पण पुरता माणूस होत नाही. धाडस ही सवयीची गोष्ट आहे. जो रोजच्या लहान गोष्टीत कधी ठामपणे उभा राहिला नाही तो मोठ्या प्रसंगी एकाएकी कुठून उभा राहील? त्या वेळी रशियात भूदासांची प्रथा होती, ती १८६१ साली कायद्याने संपली. झारच्या राजवटीत कोणी तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणून त्याच्या लेखी दोष एका भित्र्या प्रियकराचा नव्हता, साऱ्या व्यवस्थेने त्याला तसा घडवला होता. पुढे १८६२ साली चेर्निशेव्हस्कीला अटक झाली. तुरुंगातच त्याने ‘काय करावे?’ ही कादंबरी लिहिली. ती १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका घरच्या जाचातून बाहेर पडते आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांचा सामायिक मालकीचा कारखाना काढते. नफा साऱ्याजणींत वाटला जातो. आपल्या बचतगटातल्या बायकांना हे वाचून आपलेच कोणी भेटल्यासारखे वाटेल.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तुर्गेनेव्ह यांना स्वतःला, त्यांच्या आईच्या घरी शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीपासून, १८४२ साली मुलगी झाली होती. पुढे तिला फ्रान्सला नेऊन आपल्या स्नेह्यांच्या कुटुंबात ठेवले. म्हणजे आस्याचे दुःख लेखकाने लांबून पाहिलेले नव्हते. त्याने तिचे चित्र जीव ओतून काढले. तरीही गोष्ट सांगण्याचे काम तिच्याकडे दिले नाही.

हे सारे रशियातच घडते असे नाही. आपल्या मराठीतही असा निवेदक आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. तिचा नायक चक्रधर युरोपातून बोटीने मुंबईला परत येतो आहे. त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत. त्यांतली हॅर्टा त्याच्यावर जिवापाड प्रेम करते. एकदा प्रेमात पोळलेला चक्रधर मन द्यायला कचरतो, देतो, पुन्हा कचरतो. मुंबई येते. तो उतरतो. तिला उतरायची परवानगी नाही. बोट पुढे जाते आणि पुढच्या प्रवासात हॅर्टा आत्महत्या करते. कादंबरी थोर आहे यात शंका नाही. आणि चक्रधरच्या वाटेत कायद्याची भिंत होती, ऱ्हाईनकाठच्या त्या तरुणाच्या वाटेत तीही नव्हती, हेही खरे. पण इथेही सांगायला मागे उरतो तोच.

आणि खऱ्या आयुष्यात? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव आपण आदरानेच घेतो आणि घ्यावे. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते मोठे आधारस्तंभ. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. ते ३१ वर्षांचे होते. आता हे विधवेशीच विवाह करणार, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि वडिलांनाही तीच धास्ती होती. वडिलांनी घाई केली. रानड्यांनी विरोध केला, विनवण्या केल्या, पण शेवटचा शब्द वडिलांचा ठरला. त्याच वर्षी ११ वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. ज्या माणसाने विद्वत्तेच्या बळावर शास्त्र्यांना तोंड दिले, त्याला घरात वडिलांपुढे उभे राहता आले नाही. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, ती त्यांनी सोसली. त्यांनी सोसले हे आपण वाचतो. पण त्यांच्या या उदाहरणाने ज्या विधवांचे धैर्य खचले असेल, त्या कोण, किती, हे कुठे लिहिले गेले?

इथे मात्र एक फरक पडला, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. ती ११ वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवले, तिने घरातल्या बायकांचा जाच सोसून ते शिक्षण टिकवले, आणि १९१० साली तिने स्वतःच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. ज्या गोष्टीत ती केवळ एक बाहुली म्हणून आली असती, ती गोष्ट तिने आपल्या हाताने लिहिली. तिच्या लेखनात नवऱ्याविषयी भक्ती आहे, तक्रार नाही. पण निवेदक ती आहे. आस्याला जे मिळाले नाही ते रमाबाईंना मिळाले.

आणि त्याच महाराष्ट्रात १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी, पहिली पत्नी वारल्यावर, गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडला गावाने बहिष्कार घातला, तोही सोसला. म्हणजे काळ तसाच होता, म्हणून कोणाला जमणे शक्यच नव्हते, असे म्हणता येत नाही. मात्र कर्व्यांचेही धैर्य आभाळातून पडले नाही. त्याआधी १८६९ साली मुंबईत एक पुनर्विवाह झाला होता, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन उभे होते आणि गोदूबाई तिथेच शिकत होत्या. आधी कोणी तरी वाट तुडवून ठेवली होती.

आता आपल्या जिल्ह्यात या.

आपल्या कामाला ‘पाठिंबा’ असलेले सभ्य पुरुष आपण सर्वजणी ओळखतो. आठ मार्चला ते आपल्या व्यासपीठावर उत्तम भाषण करतात. पण शेजारच्या घरात सुनेला मारले जात असल्याचे जबाबात सांगायची वेळ आली की, ‘ताई, मला त्याच गावात नोकरी करायची आहे’ असे म्हणतात. हुंडा वाईट हे ते शाळेत शिकवतात. भावाच्या लग्नात मोटारसायकल ठरली तेव्हा मात्र ‘मोठ्यांच्या बोलण्यात मी कसा पडू?’ असे म्हणून ते मांडवात पाहुण्यांना पाणी वाटत राहतात. हे दुष्ट लोक नाहीत. दुष्टांशी लढायला आपण शिकलो आहोत. त्यांच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, ४९८-अ होते, आता नव्या संहितेत ८५ कलम आहे. भिडस्तांसाठी कोणते कलम लावणार?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून गाव, जात, नाव काहीच सांगत नाही. १९ वर्षांची एक मुलगी सकाळी आपल्या कार्यालयात आली. पाठीला एक बॅग, हातात कागदांची पिशवी. दुसऱ्या जातीतल्या एका मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरले होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या दिवशी दोघांनी मिळून ती द्यायची होती. मुलगा आला नाही. फोन बंद. तिने मात्र आदल्या रात्री घरी सांगून टाकले होते, त्याचे वळ तिच्या हातावर होते.

तो मुलगा तीन महिन्यांनी आला. रडला. आईने विष घेईन म्हणून सांगितले, मला काही सुचले नाही, मी तिचा गुन्हेगार आहे, असे म्हणाला. फार चांगले बोलला. आमच्या डोळ्यांत पाणी आले. कोणीतरी त्याच्यासाठी चहा मागवला. तो गेल्यावर माझ्या लक्षात आले की, ती मुलगी आली होती त्या दिवशी तिला आम्ही चहा विचारला नव्हता. आम्ही तिला आधार कार्ड आणि टी. सी. विचारला होता.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही, आणि मला सांगायचे आहे ते हेच. त्या दिवशी दुपारी मुलीचे काका आणि गावातली चार वजनदार माणसे आली. आवाज चढवला नाही. ‘ताई, तुमचं काम आमच्या गावात चालतं, आम्ही कधी आडवं आलो का?’ एवढेच म्हणाले. मुलगी सज्ञान होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही, आणि अशांना संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. हे मला पाठ होते, मी त्यावर प्रशिक्षणे घेते. तिच्या मुक्कामाची सोय सखी केंद्रात करता आली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या गावातले आपले तीन बचतगट आले, किशोरींचे वर्ग आले. मी मुलीला म्हटले, ‘आज घरी जा, शांत डोक्याने विचार कर, आपण उद्या बोलू.’

तिने माझ्याकडे पाहिले आणि बॅग उचलली. केस पेपरवर मी लिहिले, ‘मुलीच्या संमतीने पालकांच्या स्वाधीन.’ सुबक अक्षरात. तो उद्या आला नाही. महिन्याभरात तिचे लग्न लांबच्या गावी लावून दिल्याचे कळले.

मैत्रिणींनो, वाचनकट्ट्यावर मावशींनी ‘मंग त्या पोट्टीचं काय झालं?’ असे विचारले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आस्या नव्हती. त्या मुलाला आपण भित्रा म्हणतो. पण त्याची आई विष घेणार होती, कदाचित त्याच्या जिवालाही धोका होता. आपल्या महाराष्ट्रात जातीबाहेर प्रेम केले म्हणून माणसे मारली गेली आहेत. मला काय धोका होता? माझा पगार, माझे नाव, माझे ‘काम’. आणि गोष्ट लिहिणारी पुन्हा मीच. आपण समाजकार्यकर्त्या रोज दुसऱ्यांच्या गोष्टी लिहितो. केस पेपर, अहवाल, यशोगाथा. त्या गोष्टींत आपण स्वतःला किती सहज सोडवून घेतो! ‘समुपदेशन करण्यात आले.’ कोणी केले, काय बोलले, काय बोलायचे टाळले, ते त्या कर्मणी प्रयोगात बुडून जाते.

त्या वाचनानंतर आठ दिवसांनी मी तिचा पत्ता शोधून तिच्या सासरी गेले. ओळखीचे निमित्त काढून. तिने दारात पाहिले, आत बोलावले, चहा ठेवला. कडेवर दीड वर्षाचे मूल होते. मी काय बोलावे ते ठरवून गेले होते, ते काहीच बोलता आले नाही. चहा देताना ती हळूच म्हणाली, ‘ताई, माझा टी. सी. तुमच्यापाशीच राह्यला व्हता.’

तो खरेच आमच्या फायलीत होता. तीन वर्षे. तिला बी. ए. ची शेवटची दोन वर्षे बाहेरून करायची होती, नवरा नाही म्हणत नव्हता, पण कागद नव्हता, आणि मागायची तिला भीड वाटत होती. त्यांना त्रास कशाला, असे तिला वाटले. मी एक शब्द बोलले नाही त्याची किंमत तिने लग्नाने मोजली असे मी समजत होते. ती आणखीही मोजली जात होती, माझ्याच कपाटात. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन टी. सी. दिला. याने काही फिटले असे मी म्हणत नाही. तिने मला माफ केले का, हेही मी विचारले नाही. ते विचारणे म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काही मागणे झाले असते.

मग आता काय करावे? चेर्निशेव्हस्कीचाच प्रश्न. धैर्य सवयीने येते हे त्याचे म्हणणे मान्य केले, तर भित्र्यांना नावे ठेवून भागणार नाही आणि त्यांच्यासाठी रडूनही भागणार नाही. सवय लावावी लागेल, आणि एकट्याला एकटे पडू न देण्याची व्यवस्था करावी लागेल. मी ही सारी हकिकत मंडळाच्या बैठकीत मांडली. बोलणे कठीण गेले, ऐकणेही सोपे नव्हते. त्या बैठकीत चार गोष्टी ठरल्या. सज्ञान मुलगी आली तर कोणी भेटायला येण्याआधी तिच्याशी एकटीशी बोलायचे आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून तिला वाचून दाखवायचे. ‘उद्या’ म्हणून कोणालाही परत पाठवायचे नाही, त्या रात्रीचा निवारा आधी ठरवायचा. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स काढून तिथल्या तिथे परत द्यायचे. आणि वजनदार माणसे आली तर समोर एकटीने बसायचे नाही, हाकेसरशी येतील अशा दहा जणींची, आणि पुरुषांचीही, यादी भिंतीवर लावायची.

यादीत पुरुषांची नावे असावीत असा आग्रह कॉलेजातल्या त्याच मुलीने धरला, जी निवेदकाला ‘बिचारा’ म्हणाली होती. तिचे म्हणणे असे की, त्याला बिचारा राहू द्यायचे नसेल तर आधीपासून कामाला लावले पाहिजे. तिचे बरोबर आहे. आजवर चार पुरुषांनी नाव आणि फोन नंबर दिला आहे. बाकीच्यांनी ‘पाठिंबा आहेच’ असे सांगितले आहे.

या अंकात आपल्या वाचनकट्ट्यावरच्या जणींनी ‘आस्या’ची गोष्ट तिच्या बाजूने सांगून पाहिली आहे. कोणी तिला शिक्षिका केले आहे, कोणी पुण्याला पाठवले आहे. एकीने तर तिला पुन्हा त्याच्या दारात आणून चार गोष्टी सुनावल्या आहेत. मावशींना लिहिता येत नाही, त्यांनी तोंडी सांगितले ते जसेच्या तसे, वऱ्हाडीतच छापले आहे. वाचा. तुम्हांलाही तुमच्या गावच्या आस्येची गोष्ट ठाऊक असेल, तर ती आम्हांला लिहा. मात्र लिहिताना स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा. या गोष्टीत मी कुठे होते?

तुमचीच,
संपादक